‘मजबूत’ या एका शब्दात किती कोंबणार?

प्रश्न असा आलाय की दातांच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूच्या, माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘हार्ड’, ‘स्ट्राँग’ आणि ‘टफ’ या तिन्हींना मजबूत म्हटलं आणि वाक्य झालं, ‘झिर्कोनिया टायटॅनियमपेक्षा मजबूत आहे, पण टायटॅनियम झिर्कोनियापेक्षा मजबूत आहे.’ पेशंटने यातून काय समजायचं?

मला वाटतं इथे मराठी कमी पडत नाहीये, आपण घरातलेच शब्द विसरतोय. हार्ड म्हणजे टणक. ‘कठीण स्क्रू’ लिहू नका, वाचणाऱ्याला वाटेल बसवायला अवघड आहे. पाठ्यपुस्तकात काठिण्य आहे, तेही चालेल, पण पेशंटसाठी टणकच बरा. टणक म्हणजे ज्यावर सहज ओरखडा उठत नाही, खड्डा पडत नाही. व्हिकर्स चाचणीत, म्हणजे हिऱ्याचं टोक दाबून किती खड्डा पडतो ते मोजतात त्यात, झिर्कोनिया साधारण १२०० ला जातो आणि टायटॅनियम २०० ते ३५० च्या आसपास, म्हणजे इथे झिर्कोनिया खूपच पुढे.

टफ म्हणजे चिवट. गार पोळी चिवट होते, काथ्या चिवट असतो, ओढा-पिळा लगेच सोडत नाही. चिवटच्या उलट ठिसूळ, चिनी मातीच्या बशीसारखं. झिर्कोनिया सिरॅमिकच आहे, त्यातल्या त्यात चिवट हे खरं, तरी टायटॅनियमच्या जवळपास येत नाही.

आणि क्रियापदं बघा ना, दोरी तुटते, काठी मोडते, बशी फुटते, काच तडकते, आपण कधी चुकत नाही! याचा इथे थेट उपयोग आहे, कारण ‘स्ट्राँग’ म्हणजे किती जोराला वस्तू जाते, आणि ती तुटते की मोडते हेही सांगावं लागतं. हे मेगापास्कलमध्ये मोजतात. इम्प्लांटच्या ग्रेड ४ टायटॅनियमला निदान ५५० मेगापास्कल आणि ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमवाल्या ग्रेड ५ ला ९०० च्या आसपास, हे आकडे ओढून तोडायचे आहेत, झिर्कोनियाचे ९०० ते १२०० हे वाकवून मोडायचे. ते शेजारी ठेवून ‘झिर्कोनिया जास्त मजबूत’ म्हणणं चूक आहे, चाचणीच वेगळी. टायटॅनियमचा स्क्रू जादा जोर आला तर आधी वाकतो, झिर्कोनिया न वाकता तडकतो.

‘फटीग’ला मी शिणवटा म्हणेन. सळया बांधायची तार ओढून हाताने तुटत नाही, पण तीच मागेपुढे वाकवत राहिलं की थोड्या वेळात कटकन जाते, तोच हा प्रकार. रोजच्या चावण्याने स्क्रूवर असाच पुन्हा पुन्हा भार येतो, म्हणून इम्प्लांटच्या चाचणीत एकदाच जोर लावून भागत नाही, लाखो वेळा दाब देऊन बघतात.

‘स्टिफ’ला ताठ, म्हणजे जोर लावला तरी फारसं न लवणारं; याचं माप गिगापास्कलमध्ये. टायटॅनियम साधारण ११० गिगापास्कल, झिर्कोनिया २०० च्या वर आणि जबड्याचं बाहेरचं घट्ट हाड १५-२०, म्हणजे दोन्ही हाडापेक्षा कितीतरी ताठ. इथे कडक लिहू नका, कडक म्हटलं की चहा आणि इस्त्री आठवते.

तर वाक्य असं करा: ‘झिर्कोनिया टायटॅनियमपेक्षा टणक आणि ताठ आहे, पण टायटॅनियम जास्त चिवट आहे, त्यामुळे ते सहसा तडकत नाही.’ मजबूत हा शब्द पूर्ण जोडणीसाठी राखून ठेवा. आणि स्क्रूचं मळसूत्र करू नका, स्क्रूच राहू द्या, फक्त त्याच्या ‘थ्रेड’ला आटे म्हणा, ‘आटे गेले’ हे गॅरेजमधल्या पोरालाही कळतं आणि पेशंटलाही.