क्षार: लढणारा की लढाईनंतर उरलेला?

प्रश्न असा आहे: “मुलगी नववीत, मराठी माध्यमात आहे. पुस्तकात लिहिलंय की आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होतं. उजळणीला ती हिंदीतला एक व्हिडिओ बघत होती. त्यातले सर म्हणाले, अम्ल आणि क्षार यांच्या अभिक्रियेतून लवण बनतं. आता ती मला विचारते, क्षार आधी असतो की नंतर तयार होतो? शिवाय ‘आम्लारी’ हा शब्द आला कुठून, आणि टायट्रेशनला ‘अनुमापन’ का म्हणायचं?”

आधी की नंतर, हे लेकीनं फार नेमकं पकडलंय. आपल्या शालेय पुस्तकातला क्षार म्हणजे सॉल्ट. तो नंतर तयार होतो. हिंदीतला क्षार म्हणजे अल्कली. तो आधीच हजर असतो. हिंदी पुस्तकांचं त्रिकूट आहे अम्ल, क्षारक आणि लवण, आणि पाण्यात विरघळणारं जे क्षारक ते क्षार. आपलं त्रिकूट आम्ल, आम्लारी आणि क्षार. एकाच संस्कृत शब्दाला दोन घरांत दोन वेगळी कामं लावली गेली, इतकंच.

इथे विषय संपला असता, पण वाईचा मराठी विश्वकोश उघडलात तर तिथे पुन्हा अम्ल, क्षारक आणि लवण हेच त्रिकूट भेटेल. म्हणजे हा मराठी-हिंदी तंटा नाही, घरातलाच आहे. त्यामुळे व्हिडिओतल्या सरांना चूक ठरवू नका आणि पुस्तकालाही.

शब्दाचा मूळ अर्थ विचाराल तर पारडं हिंदीकडे झुकतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार कसा शिजवावा यावर आहे. झाडं जाळून राख करायची, ती पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. हा झाला सौम्य, मृदू क्षार. त्याच्या पुढच्या प्रतीत भाजलेले शंख आणि चुनखडीसारखे पदार्थ घालायचे. आजच्या भाषेत, राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटची चुन्याशी गाठ घातली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळतं, कातडी जाळणारं. शल्यचिकित्सेत ते मस आणि मूळव्याधीवर लावायचं असे. तयार माल लोखंडी भांड्यात ठेवायचा, असंही तिथे सांगितलं आहे. थोडक्यात, क्षार म्हणजे राखेतून काढलेलं दाहक सत्त्व.

गंमत म्हणजे अल्कली हा शब्दसुद्धा राखेतूनच उठला आहे. अरबीत अल्-कली म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. पोटॅश हा आणखी एक: भांड्यात आटवलेली राख, म्हणून पॉट-अ‍ॅश. तीन भाषा, तीन चुली, आणि राख तीच.

मग मराठीत क्षार मिठाकडे कसा सरकला? माझा अंदाज असा की हे काम क्षारानं नाही, त्याच्या घरगुती रूपानं केलं. क्षार झिजून खार झाला. आता स्वयंपाकघरात या. खारे दाणे, खारवलेली मिरची, लोणच्याचा खार, खारट आमटी. इथे सगळीकडे मीठ आहे, राखेचा मागमूस नाही. खार बोलीत मिठाचा झाला, आणि त्याच्यामागोमाग पुस्तकातला क्षारही गेला. पण जुना अर्थ फडताळातून पुरता हद्दपार झालेला नाही. पापडखार घ्या. तो खारट करायला घालत नाहीत, पापड फुलावा म्हणून घालतात, आणि तो चक्क अल्कलीच्या जातीचा आहे. सज्जीखार, टाकणखार, यवक्षार ही सगळी मंडळी त्याच कुळातली. यवक्षार तर नावाप्रमाणे जवाच्या झाडांची राख.

इथे एक पेच आहे आणि तो मला फार आवडतो. सज्जीखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट. रसायनशास्त्राला विचारलं तर ते सॉल्ट, म्हणजे बालभारतीचा क्षार. पण पाण्यात टाका, द्रावण चांगलंच अल्कधर्मी होतं, म्हणजे सुश्रुताचाही क्षार. एकाच पुडीत दोन्ही अर्थ! तेव्हा शब्दानं उडी मारली ती अगदीच अंधारात मारलेली नाही.

हा गोंधळ फक्त परीक्षेपुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. माती परीक्षणाचा अहवाल बघा. त्यात एक ओळ सामूची असते, म्हणजे पीएचची (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली), आणि दुसरी क्षारतेची. क्षारता मोजतात ती विद्युत वाहकतेवरून, म्हणजे मातीत विरघळलेले सॉल्ट किती हे बघून. अल्कलीशी तिचा थेट संबंध नाही. वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारपड. सामू ८.५ च्या वर गेला आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला असेल तर ती चोपण. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन बिघडलेल्या जमिनींत दोन्ही प्रकार सापडतात, आणि उपाय मात्र वेगळे. क्षारपडीला चर काढून गोड्या पाण्यानं धुऊन काढायचं. चोपणीला आधी जिप्सम लागतं, नाहीतर पाणी मुरतच नाही. आता हिंदीत क्षारपडीला म्हणतात लवणीय मृदा आणि चोपणीला म्हणतात क्षारीय मृदा. हिंदी पत्रक वाचून ‘क्षारीय म्हणजे आपली क्षारपड’ असं कुणी धरलं, तर जिप्समचा खर्च वाया. मराठी शेतकऱ्यानं चोपण हा स्वतःचा शब्द टिकवून ठेवलाय, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. त्याला क्षारावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता आम्लारी. फोड सोपी आहे: आम्ल अधिक अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. मुर राक्षसाचा अरि तो मुरारी, त्रिपुराचा तो त्रिपुरारी, तसा हा आम्लारी. मूळ संस्कृतात शेवटची इ ऱ्हस्व, मराठी लेखनात ती दीर्घ. क्षार सॉल्टच्या सेवेत गेल्यावर बेससाठी मराठीला नवा माणूस नेमावा लागला आणि तो हा. काहींना हा शब्द पौराणिक मालिकेतला वाटतो. मला तो आपल्या त्रिकुटातला सगळ्यात बोलका वाटतो, कारण व्याख्या त्याच्या नावातच आहे. हिंदीतल्या क्षारकाला ते जमत नाही.

शिवाय या शत्रूला जोडीदारही चांगला मिळालाय. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात त्याला आपण उदासिनीकरण म्हणतो. वर्गात यावर हमखास विनोद होतो, द्रावण उदास झालं म्हणून. पण उदासीन म्हणजे मुळात उद् अधिक आसीन, बाजूला बसलेला, कोणाच्याच पक्षात नसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडल मांडलंय, त्यात जिंकू पाहणारा विजिगीषू आहे, त्याचा अरी आहे, मित्र आहे, मध्यम आहे आणि उदासीन आहे. रसायनाच्या एका धड्यात अरी आणि उदासीन दोघंही येऊन बसलेत! हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही. संस्कृतच्या एकाच कोठारातून शब्द काढले की अशा गाठीभेटी होतात.

आणि हे वैर सुश्रुतालाही माहीत होतं. क्षारानं पोळलं की आंबट पदार्थ लावा, असं तो सांगतो. आंबटानं क्षार का शमावा, तो तर आणखी जळजळायला हवा, ही शंका तो स्वतःच उपस्थित करतो. उत्तर असं देतो की आंबटाशी संयोग झाला की क्षार आपला तीक्ष्णपणा टाकतो आणि पाण्यात बुडालेल्या अग्नीसारखा शांत होतो. पीएच नाही, रेणू नाहीत, पण निरीक्षण पक्कं. (घरी हा उपाय करू नका. कॉस्टिक सोडा हातावर सांडला तर भरपूर पाणी, बाकी काही नाही.)

टायट्रेशन म्हणजे हीच लढाई, फक्त थेंबाथेंबानं आणि हिशेब ठेवून. शंकुपात्रात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलिटर घ्या, ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीत, तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. सुरुवातीला पीएच १. सोडा २० मिलिलिटर ओतून झाला तरी पीएच जेमतेम २ ला टेकतो. कंटाळून पोरं इथे नळी जास्त उघडतात आणि फसतात. कारण २४.९ मिलिलिटरला पीएच असतो ३.७ च्या आसपास आणि २५.१ ला १०.३. मधलं अंतर ०.२ मिलिलिटर, म्हणजे चारेक थेंब. पीएचची पट्टी दसपटीनं चढते. पहिल्या पायरीला वीस मिलिलिटर लागले आणि पुढच्या सहा-साडेसहा पायऱ्या चार थेंबांत पार. फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलून शेवट दाखवणारं दर्शक त्या चार थेंबांतच गुलाबी होतं, म्हणून ते चालतं.

ही लढाई ७ वर थांबली, पण प्रत्येक लढाई तिथे थांबत नाही, आणि इथे तुमच्या मुलीच्या प्रश्नाचा सगळ्यात खमंग भाग येतो. हायड्रोक्लोरिकच्या जागी अ‍ॅसेटिक आम्ल घ्या, व्हिनेगरमधलं. दोघांची बरोबरी झाली तेव्हा पात्रात उरतो फक्त सोडियम अ‍ॅसिटेट, म्हणजे आपला क्षार, आणि पीएच निघतो ८.७ च्या आसपास. उदासिनीकरण झालं, पण द्रावण उदासीन नाही! उरलेला मराठी क्षार किंचित हिंदी क्षारासारखा वागतोय. उलट बाजूनं अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक यांची जोडी लावली तर उरतो अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याचा नवसागर, आणि पीएच ५.३ च्या जवळ. तिथे फिनॉल्फ्थॅलीन दगा देतं, मिथिल ऑरेंज हे दुसरं दर्शक घ्यावं लागतं. सज्जीखाराच्या द्रावणाचं टायट्रेशन तर दोन टप्प्यांत होतं: निम्मं आम्ल पडल्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो, पूर्ण पडल्यावर मिथिल ऑरेंज बदलतं. क्षार आधी की नंतर? सज्जीखारात तो आधीही आहे आणि नंतरही.

राहिलं अनुमापन. अनु म्हणजे मागोमाग, आणि मापन उघड आहे: ज्ञात द्रावण मागोमाग ओतत अज्ञाताचं माप काढणं. शब्द चुकीचा नाही, पण बेचव आहे, आणि प्रयोगशाळेत तो कुणी उच्चारत नाही. तिथे ‘टायट्रेशन झालं का’, ‘सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे ब्युरेटवरचं पुन्हा पुन्हा तेच येणारं माप) किती आला’ हीच मराठी. फ्रेंच तित्र या ज्या शब्दावरून टायट्रेशन आलं, त्याचा एक अर्थ होता सोन्याचांदीची शुद्धता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८३२ मध्ये चांदीचा कस मिठाच्या द्रावणानं मोजायची पद्धत मांडली, ती याच अर्थानं. आपल्या सराफाकडे याला नेमका शब्द आहे: टंच. ‘टंच काढणे’ हे टायट्रेशनचं मला सुचणारं सर्वांत जवळचं मराठी. पाठ्यपुस्तक मंडळ ते घेणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पेपरात मुलीनं आम्ल, आम्लारी, क्षार असंच लिहावं. हिंदी व्हिडिओत लवण ऐकू आलं की मनात क्षार म्हणावं, आणि क्षार ऐकू आलं की अल्कली. तिला एवढ्यानं पटलं नाही तर दोन वाट्या घ्या. एकीत पाणी आणि पापडखार, दुसरीत पाणी आणि मीठ. दोन्हींत चिमूटभर हळद टाका. पापडखाराची वाटी लालसर होईल, मिठाची पिवळीच राहील.