गोमुखला जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली): आम्ही कळसूबाई, हरिश्चंद्रगड दरवर्षी करतो. ऑक्टोबरात गंगोत्रीहून निघून एकाच दिवसात गोमुख पाहून परत येता येईल का?

पायांना जमेल, पण प्रश्न पायांचा नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, गंगोत्री गावच ३,१०० मीटरच्या आसपास आणि गोमुख ४,००० मीटरच्या जवळ. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच प्राणवायू मिळतो. सह्याद्रीतला सराव दम वाढवतो, विरळ हवेची सवय लावत नाही. उलट तगडी मंडळी भरभर चढतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

उत्तरकाशी साधारण १,१५० मीटरवर आहे. तिथून गाडीने थेट गंगोत्री गाठून दुसऱ्या दिवशी चालायला लागणं ही नेहमीची चूक. एक रात्र हर्सिलला (सुमारे २,६०० मीटर), एक गंगोत्रीला आणि मग १४ किलोमीटर चालून भोजबासा (सुमारे ३,८०० मीटर), असं चढा. गोमुख तिथून पुढे चारेक किलोमीटर. ते दुसऱ्या दिवशी पहाटे करून खाली या.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, अशी लक्षणं दिसली तर आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरवायचं. सकाळपर्यंत वाट पाहू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं असेल तर घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

प्रश्न (पुणे): फोटोंमध्ये हिमनदी मळकट, दगडगोट्यांनी भरलेली दिसते. बर्फ वितळून संपला का?

नाही, बर्फ खाली आहे. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही गंगोत्री हिमनदी चौखंबा शिखरांच्या बाजूने सरकत येते. दोन्ही कड्यांवरून पडलेले दगड आणि माती ती पाठीवर घेऊन येते. खालच्या भागात वरचा बर्फ वितळतो आणि हा राडारोडा मागे उरतो. मुखाशी, म्हणजे गोमुखाशी, मात्र निळसर-करडी उभी भिंत आणि तिच्या पोटातून फुटणारी भागीरथी दिसते. पाणी राखाडी असतं, कारण बर्फाने घासलेल्या खडकाची पीठासारखी भुकटी त्यात तरंगत असते.

भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९३५ साली या मुखाची पाहणी केली होती. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलं आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या अंतरांवर विसंबू नका. भिंतीजवळ फोटोला उभं राहू नका. २०१६ साली मुखाचा मोठा तुकडा कोसळला होता. ऊन चढलं की वरचे दगड सुटतात.

प्रश्न (नाशिक): परवाना कुठे मिळतो?

उत्तरकाशी किंवा गंगोत्रीतल्या वन विभागाकडे. दिवसाला १५० जणांनाच सोडतात, त्यामुळे मे-जूनच्या गर्दीत आधीच काढून ठेवा. ओळखपत्राच्या प्रती लागतात. गंगोत्रीहून सुमारे दोन किलोमीटरवर कनखूच्या फाटकाशी तपासणी होते. नेलेलं प्लास्टिक सगळं परत आणायचं.

प्रश्न (नागपूर): कोणता महिना निवडावा? तपोवनही करावं का?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, शिवलिंग (६,५४३ मीटर) आणि तिन्ही भागीरथी शिखरं समोर. फक्त रात्री पाणी गोठतं. दिवाळीनंतर मंदिर बंद होतं आणि गावही ओस पडतं. जुलै-ऑगस्ट टाळाच. ५ ऑगस्ट २०२५ ला याच रस्त्यावरचं धराली गाव पुराच्या लोंढ्याने गाडलं गेलं.

चिरबासा ते भोजबासा या पट्ट्यात गीला पहाड लागतो. भुसभुशीत उतार, वरून दगड येतात. तो सकाळीच ओलांडा, मध्ये विश्रांती नको आणि दोघांत अंतर ठेवा. भरळांचा (हिमालयातल्या रानमेंढ्यांचा) कळप वरच्या उतारावर चरत असेल तर आणखी जपून, त्यांच्या खुरांनीही दगड सुटतात.

भोजवृक्षांचं (भूर्जपत्राच्या झाडांचं) दाट वन डोळ्यांपुढे ठेवून जाल तर निराश व्हाल. सरपणासाठी ते तोडलं गेलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी भोजबाशात पुन्हा लागवड केली आहे. शेकोटीसाठी काडीही तोडू नका.

तपोवन (गोमुखाच्या वरचं कुरण, सुमारे ४,४५० मीटर) वाटाड्याशिवाय नको. भोजबाशाला ट्रॉलीने नदी ओलांडून पलीकडच्या काठाने जायचं. शेवटची चढण सुट्या दगडांची आणि तीव्र आहे. वाटेतला आकाशगंगा नावाचा ओढा सकाळी घोट्याइतका असला, तरी दुपारी बर्फ वितळून फुगतो. भोजबाशात रात्री नीट झोप लागली नसेल, तर तपोवन सोडून द्या.