ताज्या फळांच्या ब्रँडमध्ये वरच्या पदापर्यंत जायचं तर मार्केटिंगमधून शिरावं की खरेदीतून? नागपुरात राहून जमेल का?

खरेदीतून. आणि नागपुरात राहून जमेल, पण अख्खी कारकीर्द इथेच काढायची म्हटलं तर अवघड आहे.

तुम्ही लिहिलंय की कृषी पदवी झाली, एमबीएचं शेवटचं वर्ष चालू आहे, घरची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि 'नागपुरी संत्र्याचा झेस्प्री का झाला नाही' (झेस्प्री म्हणजे न्यूझीलंडच्या किवी फळाचा ब्रँड) हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मी याच धंद्यातला. बागेतून माल उचलणारा खरेदी अधिकारी म्हणून लागलो, मग पॅकहाउस सांभाळलं, मग मॉलवाल्यांशी दराची बोलणी केली, आणि आता एका फळ कंपनीच्या नफ्या-तोट्याला मी जबाबदार असतो. तेव्हा जे सांगतोय ते या बाजूने पाहिलेलं आहे. जाहिरात एजन्सीतला माणूस वेगळं सांगेल.

झेस्प्रीचंच आधी घेऊ, कारण मुलाखतीला येणारी बहुतेक मुलं हे नाव घेतात आणि स्टिकरबद्दल बोलून थांबतात. ब्रँडचं नाव 1997 चं. त्यामागची बांधणी बघा. कंपनी किवी उत्पादकांच्याच मालकीची आहे. ऑस्ट्रेलिया सोडला तर न्यूझीलंडबाहेर किवी पाठवायचा हक्क कायद्यानेच जवळपास तिच्या एकटीकडे आहे. सोनेरी वाणाचे हक्क तिचे, परवाना घेतल्याशिवाय कुणी तो लावायचा नाही (चीनमध्ये चोरून लावला, तो भाग वेगळा). 2010 मध्ये पीएसए हा जिवाणूजन्य रोग आला आणि जुना सोनेरी वाण झोपला, तेव्हा दुसरा वाण संशोधनातून तयार होता म्हणून धंदा तगला. शेतकऱ्याच्या पैशात फळाच्या चवीचा, म्हणजे त्यातल्या शुष्कभाराचाही (पाणी सोडून उरणाऱ्या भागाचा) हिशेब असतो. आणि तिकडचा हंगाम संपला की इटलीसारख्या उत्तर गोलार्धातल्या देशांतला माल त्याच स्टिकरखाली येतो, त्यामुळे दुकानातली जागा बारा महिने हातची सुटत नाही. जाहिरात या सगळ्याच्या नंतर येते.

आता आपलं बघा. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाला संरक्षण आलं. पण वाण कुणाच्या मालकीचा नाही. दिल्लीच्या हातगाडीवर राजस्थानातल्या झालावाडचा माल असो की मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडचा, ओरडणारा 'नागपुरी' म्हणूनच ओरडतो. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, दोन: आंबियाचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल. पुढे उन्हाळ्या-पावसाळ्यात मॉलच्या शेल्फवर काय ठेवणार? तिथे मोसंबी, डाळिंब, केळी घालून टोपली भरावी लागते आणि तेव्हा तो संत्र्याचा ब्रँड राहत नाही, फळांच्या कंपनीचा होतो. भारतात ज्यांनी ताज्या फळांवर नाव लावून पाहिलं, महिंद्राचं साबोरो असो की आयएनआय फार्म्सचं किमाये, ते याच कारणाने एका फळावर थांबले नाहीत. नाशिकजवळच्या सह्याद्री फार्म्सनेही द्राक्षासोबत बाकीची फळं आणि प्रक्रिया उद्योग उभा केला.

नागपुरात ब्रँड झालाच नाही असंही नाही बरं का. 'नोगा' हे नाव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांचं आहे. आज ते राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे, आणि लोकांना त्यातलं काय आठवतं? टोमॅटो केचप, जॅम, स्क्वॅश. बाटलीतला माल वर्षभर एकसारखा ठेवता येतो. झाडावरून उतरलेल्या फळाला एकसारखं ठेवणं हीच या नोकरीतली खरी अडचण, आणि वरच्या पदाचा पगार त्याचाच मिळतो.

हे आकड्यात सांगतो. आकडे समजण्यापुरते धरलेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा 30 रुपये किलोने बागेतला सगळा माल घेतला, 100 किलो. तोडणी, गाडी, प्रतवारी किलोमागे 6 रुपये. झाले 3,600. यातला 50 किलो माल ब्रँडच्या खोक्यात जाण्यालायक निघाला, त्याला खोकं आणि शीतगाडी 15 रुपये किलो, म्हणजे आणखी 750. एकूण 4,350. उरलेल्यापैकी 35 किलो बाजारात 25 रुपयांनी गेला, 15 किलो रसाला 8 रुपयांनी. त्याचे 995 आले. राहिलेले 3,355 रुपये त्या 50 किलोवर बसले. तीसचं फळ 67 रुपयांना पडलं, अजून तुमचा नफा नाही, मॉलवाल्याचा नाही. आता पहिल्या प्रतीचा माल 50 ऐवजी 40 किलोच निघाला आणि दहा किलो बाजारात गेला, तर तेच फळ 74 ला पडतं. उलट दुय्यम मालाला 25 ऐवजी 30 मिळाले तर 67 चे साडेत्रेसष्ट होतात, ब्रँडच्या खोक्याला हातही न लावता.

म्हणून मी म्हणतो, ब्रँड चालवणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याला त्याच्या नाकारलेल्या मालाबद्दल विचारा. तो कुठे जातो, कोण घेतं, कोणत्या भावात. ज्याच्याकडे या मालाला वाट नाही त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या खोक्यात सगळंच शिरतं.

पॅकहाउसमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. क्रेट रिकामे होतात, फळ धुतलं जातं, ब्रशवरून जातं, मेण चढतं, वाळतं, मग रोलरवर आकारानुसार वेगळं पडतं. इथपर्यंत यंत्र. मधल्या पट्ट्यावर बाया उभ्या असतात, वरूडच्या, मोर्शीच्या. त्यांचा हात बघत राहावा. फळ उचलायचं, अंगठा देठाजवळ किंचित दाबायचा, साल पोकळ वाटली की बाजूला. कोळशी रोगाचा काळा थर असला की बाजूला. देठाच्या जागी खड्डा दिसला की बाजूला, कारण ते फळ कात्रीने कापलेलं नाही, ओढून तोडलंय, आणि बुरशी तिथूनच शिरते. नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलायला सोपं, म्हणून खाणाऱ्याला आवडतं, आणि त्याच सैल सालीपायी ते प्रवासात मार खातं. पंजाबच्या किन्नूची, म्हणजे तिकडच्या संत्र्याची, साल घट्ट, तो ट्रकमध्ये निभावून जातो. आपल्या लोकांना किन्नूचा राग येतो, पण मॉलचा खरेदीदार त्याला का पसंत करतो याचं अर्धं उत्तर त्या सालीत आहे.

या पट्ट्याजवळ एक हंगाम काढा. बागेत कात्री वापरायला लावायची तर तोडणीचा दर वाढवून द्यावा लागतो, हे तिथे कळतं. झाडावरच अख्खी बाग हुंडीने घेणारा व्यापारी तो दर देत नाही, कारण त्याला माल नागपूरच्या कळमना मंडीत ढिगाने विकायचा असतो. एकट्या तोडणीच्या पद्धतीने तुमची खरेदीची सगळी रीत बदलते. मार्केटिंगमधून आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं तर समजतं, पण बजेट कापायची वेळ आली की तो पहिली कात्री तिथेच लावतो. (कोटी झाली, असू द्या.)

एक प्रसंग सांगतो. दक्षिणेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीच्या गोदामावर आमची गाडी रात्री पोचली. तिथल्या तपासनिसाने थोडी खोकी उघडली, देठाशी बुरशीची सुरुवात दिसली, आणि अख्खी गाडी नाकारली. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. ड्रायव्हर थांबला की भाडं चढतं, फळ दर तासाला उतरतं. आमच्या विक्रीवाल्याने तिथल्याच मंडीतल्या अडत्याला फोन लावला. अडत्या म्हणाला, खोकी आणि स्टिकरसकट द्या, चार पैसे जास्त देतो. मी नको म्हटलं. तीन-चार मजूर लावून सकाळपर्यंत माल साध्या क्रेटमध्ये ओतला, स्टिकर काढले आणि मग विकला. हिशेबात त्या गाडीचा तोटा वाढला. संचालकांच्या बैठकीत विचारणा झाली. पण तोच माल आमच्या नावाने त्या शहरातल्या गाड्यांवर गेला असता तर पुढच्या आठवड्यात त्याच साखळीशी दर बोलताना आमच्याकडे बोलायला काही उरलं नसतं. वरच्या पदावर बसल्यावर असे निर्णय रात्री अकराला घ्यावे लागतात, आणि त्यासाठी अडत्याचा नंबर फोनमध्ये आधीपासून असावा लागतो.

शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. हैदराबादचं मॅनेज, अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममधले कृषी व्यवसायाचे अभ्यासक्रम, आणंदचं इरमा, पुण्याचं वैकुंठ मेहता संस्थान, ही नावं कंपन्या ओळखतात. तुमचं एमबीए यातलं नसेल तरी पहिल्या नोकरीनंतर कुणी विचारत नाही. विचारतात ते हे: किती टन माल हाताळला, किती टक्के नाकारला गेला, कोणत्या खरेदीदाराशी वर्षभराचा करार टिकवला. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथली माणसं भेटतात आणि बोलतात. मेण चढवलेलं संत्रं 6-7 अंशांवर, भरपूर आर्द्रतेत महिना-दीड महिना टिकवता येतं, त्याहून फार थंड केलं की साल बिघडते, हे त्यांच्याकडून समजून घ्या. शीतगृहाचं भाडं ठरवताना हे ज्ञान पैशात मोजता येतं.

धोरणाकडे मात्र लक्ष ठेवायला आत्तापासून शिका. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणून आज कंपनी थेट बागेतून घेऊ शकते. नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी 2019 नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, आणि तिकडे न गेलेला माल इथेच उतरून भाव पाडू लागला. ज्या कंपनीने एकही खोकं ढाक्याला पाठवलं नव्हतं तिचंही खरेदीचं गणित त्यात हललं. व्यवसायप्रमुखाला हे नोव्हेंबरमध्ये कळून चालत नाही, बहार धरतानाच अंदाज लागतो. रसाच्या बाजूला नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीचा फूड पार्क 2025 मध्ये सुरू झाला. बारीक फळाला असे मोठे गिऱ्हाईक वाढले तर वरच्या हिशेबातले ते 8 रुपये बदलतात, आणि त्यामुळे पहिल्या प्रतीच्या खोक्याचा भावही.

राहिला नागपूरचा प्रश्न. पहिली चार-पाच वर्षं इथे काढायला उत्तम. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हाकेच्या अंतरावर, कळमना शहरात, संशोधन संस्था शहरात. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे वाशीच्या बाजाराजवळ असते. पण मॉल आणि ऑनलाइन किराणावाल्यांचे खरेदीप्रमुख मुंबई-बंगळुरूत बसतात. त्यांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे शक्यतो त्यांच्याच पगारावर, दोन-तीन वर्षं काढा. शेल्फची जागा कशी वाटली जाते आणि न विकलेल्या मालाची कपात पुरवठादाराच्या बिलातून कशी होते, हे तिथून जितकं स्वच्छ दिसतं तितकं पॅकहाउसमधून कधीच दिसत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की गावाजवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीने व्यवस्थापकीय अधिकारी म्हणून बोलावलंय, जाऊ का. पद मोठं वाटतं, पंचविशीत व्हिजिटिंग कार्डवर सीईओ लिहिता येतं. केंद्राच्या 2020 च्या योजनेत अशा कंपनीला तीन वर्षांसाठी 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, तुमचा पगार बहुधा त्यातूनच ठरलाय. तेव्हा होकार देण्याआधी त्यांच्याकडून तीन गोष्टी मागा: गेल्या वर्षाचा ताळेबंद, सभासदांनी कंपनीला प्रत्यक्ष किती माल दिला आणि बाहेर व्यापाऱ्याला किती, आणि अनुदान संपल्यावर पगार कशातून देणार याचा आकडा. अध्यक्ष हे कागद पुढे ठेवायला तयार असतील तर जा, एमबीएची परीक्षा संपायचीही वाट बघू नका, आंबिया तोडणीच्या आधी रुजू व्हा. 'कागदाचं काय, आपण घरचेच आहोत' असं म्हणाले तर चहा घ्या, नमस्कार करा आणि एखाद्या पॅकहाउसमध्ये खरेदी अधिकाऱ्याची जागा शोधा.