पऱ्हाटी फुटली अन् पोराची निवड झाली

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरं)

प्रश्न: माझा मुलगा तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फुटबॉलमध्ये गोलकीपर. यंदा त्यांच्या टीमनं विद्यापीठाची आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा जिंकली, गावात बँड लावून मिरवणूक निघाली. आता त्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली आहे. शिबिर आणि पश्चिम विभागाची स्पर्धा मिळून पंधरा दिवस बाहेर राहावं लागेल, तेही ऐन वेचणीत. पाच एकर कपाशीची पऱ्हाटी फुटून उभी आहे, मजूर मिळत नाही. त्याचे बाबा म्हणतात, 'ढाल आली, फोटो निघाला, आता पुरे. नोकरी लागत असेल तर जा, नाही तर वावरात चाल.' सर, याच्यातून नोकरी लागते का?
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर: ताई, तुमचे मालक नोकरीपाशी अडले आहेत, म्हणून आधी तेच सांगतो. नाही लागत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण कॉलेजा-कॉलेजांतली स्पर्धा जिंकल्याचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. त्याहून वरच्या पातळीवर पदक लागतं, आणि ते प्रमाणपत्रही विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं. तेव्हा ढालीवर नोकरी मिळेल असं पोरगा सांगत असेल, तर त्याला कोणीतरी फसवलं आहे किंवा तो तुम्हाला फसवतो आहे.

तरी त्याला पाठवा. का, ते जरा लांबून सांगतो.

मीही दारव्ह्याकडचाच, आणि गोलकीपरच. अमरावती विद्यापीठ १९८३ साली नागपूरपासून वेगळं झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. त्याआधी आमच्या कॉलेजाची गाठ नागपूर-कामठीच्या पोरांशी पडायची आणि आम्ही दुपारच्या गाडीनं परत. कामठीत लेकरू चालायला लागलं की चेंडू लाथाडते. ती पोरं नागपूर विद्यापीठात राहिली, आम्ही अमरावतीत आलो. आमच्या अजिंक्यपदाचं पहिलं कारण हेच. मिरवणुकीत ते कोणी बोललं नाही.

आमचे सर मूळचे कबड्डीचे. बुटांचे जोड सहा, बाकी कॅनव्हास. मैदान काळ्या मातीचं, म्हणजे पावसाळ्यात चेंडूपेक्षा पायच जड, आणि दिवाळीनंतर भेगा. सेमीफायनल चार दिवसांवर आली अन् आमच्या लेफ्ट-आउटला त्याच्या बापानं वावरात नेलं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला होता. मग आम्ही सगळेच गेलो. कंबरेला ओट्या बांधून दिवसभर कापूस वेचला, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घेतली. संध्याकाळी तोलला तर अकरा पोट्ट्यांचा कापूस चार बायांइतकाही भरला नाही, आणि त्यात अर्धा पाला. काकांनी एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. म्हणाले, 'न्या बावा याले. पण उद्या तुमी येऊ नोका.'

सेमीफायनल टायब्रेकरवर गेली. मी एकच पेनल्टी अडवली, तीही गुडघ्याला लागून. फायनलमध्ये आमचा लेफ्ट-आउट दुरून मारायला गेला, चेंडू भेगेत आपटून भलतीकडं वळला आणि त्यांच्या गोलकीपरला चुकवून आत गेला. त्या एका गोलावर जिंकलो. ढाल मांडीवर घेऊन मूर्तिजापूरहून शकुंतलेनं, आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीनं, परत आलो. तिला तेव्हा वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ पर्यंत टिकलं. दारव्हा येईपर्यंत ढाल आणि तोंडं सारखीच काळी.

यानंतर माझीही विद्यापीठाच्या संघात निवड झाली, राखीव गोलकीपर म्हणून. संघ पहिल्याच सामन्यात हरला. बाद पद्धत, हरला की गाठोडं बांधा. घरी आलो तर बाबांनी विचारलं, 'किती वेळ खेळला?' एक मिनिटही नाही. ते काही बोलले नाहीत, तूर सोंगायला घेऊन गेले.

पण बाकावर बसून मी समोरचा गोलकीपर पाहिला होता. तो सारखा बोलत होता. डावीकडं सरक, मागं माणूस आहे, सोड, माझा! चेंडू पन्नास मीटर लांब असतानाही बोलत होता. मी तोवर दोन खांबांच्या मध्ये मुका उभा राहायचो, चेंडू आला की उडी मारायची एवढंच माहीत. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून त्यानं बचावाच्या पोरांना हलवायचं असतं, हे मला कबड्डीच्या सरांनी कसं सांगावं? पुढं नोकरी लागली तेव्हा गोलकीपरच्या पोरांना मी पहिल्या दिवशी ओरडायलाच शिकवलं.

आता तुमच्या घरचं. पंधरा दिवस तो नसला तर किती बाया जास्त लागतील, त्यांची मजुरी कागदावर मांडा. माझा अंदाज, पोराच्या वेचण्याची किंमत त्याच्या बाबांना वाटते त्याहून कमी निघेल. (आमच्या ढिगाची आठवण ठेवा.) जाण्याआधीचे दिवस त्याला पहाटेपासून वावरात राबू द्या. प्रवासखर्च आणि भत्ता विद्यापीठ देतं; केव्हा, किती, ते संघाच्या मॅनेजरला आधीच विचारा. आणि बाबांना आजच सांगून ठेवा की तो एक मिनिटही न खेळता परत येऊ शकतो. परत आल्यावर हे कळलं तर घरात फार कडू होतं.

हातमोजे घेतले तर त्याला सांगा, खेळण्याआधी तळवे थोडे ओले करायचे. कोरड्या रबराला चेंडू धरत नाही.

प्रश्न: टायब्रेकरमध्ये आमच्या गोलकीपरनं पेनल्टी अडवली, पण त्याचा पाय पुढं आला म्हणून रेफरीनं किक पुन्हा मारायला लावली. हे बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, सावनेर

उत्तर: दोन्ही पाय रेषेच्या पुढं आले असतील तर बरोबर. किक मारली जाते त्या क्षणी गोलकीपरच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोलरेषेवर, तिच्या वर हवेत किंवा मागं असायला हवा. पहिल्या चुकीला ताकीद, पुन्हा केली तर पिवळं कार्ड. चेंडू त्याचा हात न लागता बाहेर गेला असता, तर सहसा किक पुन्हा होत नाही. आमच्या वेळी पाय हलवायचीच बंदी होती. रेषेवर डावी-उजवीकडं सरकायची मुभा १९९७ साली मिळाली. त्या सेमीफायनलला मी हललो होतो की नाही, हे विचारू नका.