चिप आणखी लहान करता येणार नाही, मग त्यांची जागा क्वांटम कॉम्प्युटर घेणार का?

नाही. क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे नेहमीच्या चिपची पुढची आवृत्ती नव्हे, ते वेगळंच यंत्र आहे.

चिपची अडचण मात्र खरी. 2005 च्या आसपास प्रोसेसरचा वेग 3-4 गिगाहर्ट्झला अडकला, पुढे नेला की उष्णता आवरेना. म्हणून कंपन्यांनी कोअर (चिपमधले गणना करणारे भाग) वाढवले. ट्रान्झिस्टर (चिपमधले विजेचे सूक्ष्म स्विच) लहान होतच राहिले, पण आता त्यातला इन्सुलेटरचा, म्हणजे वीज अडवणारा, थर मोजक्या अणूंइतकाच जाड उरलाय. इलेक्ट्रॉन त्यातून चक्क आरपार निसटतात आणि वीज गळत राहते. ('3 नॅनोमीटर' हे नाव मार्केटिंगचं, त्या चिपमध्ये 3 नॅनोमीटरचा ट्रान्झिस्टर शोधत बसू नका.)

क्वांटमचा फायदा ठरावीक गणितांतच होतो: रेणूंचं वर्तन काढणं, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं (याची रीत गणितज्ञ पीटर शोर यांनी 1994 मध्ये दाखवली). 'क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो' हे अर्धसत्य आहे. मोजमाप केलं की हाती एकच उत्तर येतं. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी मांडणी जमली तरच ते कामाचं. शिवाय सुपरकंडक्टिंग क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक, इथे अतिथंडीत विजेला अजिबात न अडवणाऱ्या धातूचे) निरपेक्ष शून्याच्या (सुमारे -273 अंश सेल्सिअस, याहून थंड काही नसतं) जेमतेम शतांश अंश वर ठेवावे लागतात, तरी चुका होतातच.

एक्सेलसाठी तुमचा लॅपटॉपच बरा.