पिठलं, गिट्टी आणि ज्वालामुखी

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री जागून आइसलँड, हवाई, एटना यांचे व्हिडिओ पाहतेस, आता हाच विषय घेऊन पुढे शिकायचं आहे, पण नागपुरात राहून ज्वालामुखी शिकणार कसा, असं विचारलंस. उत्तर तुझ्याच शहराच्या एका नावात आहे: गिट्टीखदान. ती गिट्टी म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर जे लाव्हाचे थर पसरले, त्यांची पूर्वेकडची कड आज नागपुरातून जाते. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक, कामठीकडे वालुकाश्म. ही कड पायी ओलांडता येते. असं शहर मिळणं भाग्याचं आहे, हे मी मनापासून सांगतो.

पण खडकाकडे जाण्याआधी डोळ्यांची एक सवय मोडावी लागेल. ज्वालामुखीची ताकद लाल रंगात नसते. वाहता लाव्हा नजर धरून ठेवतो, पण बहुतेक वेळा त्याच्या वाटेतून माणसाला चालत बाजूला होता येतं. अपवाद आहेत. काँगोमधल्या न्यिरागोंगोचं लाव्हाचं तळं १९७७ मध्ये फुटलं, तेव्हा तो पातळ लाव्हा उतारावरून धावत्या मोटारीच्या वेगाने गेला आणि लोकांना पळायला वेळ मिळाला नाही. तरी एकूण इतिहास पाहिला तर माणसं मारली ती अडकलेल्या वायूने, राखेच्या वजनाने आणि चिखलाने.

वायू अडकतो म्हणजे काय, ते घरी पिठलं शिजताना बघ. पाणी उकळतं तेव्हा बुडबुडा वर येतो, फुटतो, संपलं. पिठलं घट्ट होत आलं की तोच बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि फदकन फुटून हाताला चटका देतो. आच तीच, वाफ तीच, फरक घट्टपणाचा. मॅग्माचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा, घट्टपणा मुख्यतः सिलिकावर (वाळूतलं मुख्य द्रव्य) ठरतो. बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्के असते आणि तो साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सियसला बाहेर येतो, म्हणून पातळ. रायोलाइट या दुसऱ्या लाव्हा-खडकात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान ७०० ते ८५० अंश. म्हणून तो लाखो पटींनी घट्ट. खोलवर दाबाखाली पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मॅग्मात विरघळलेले असतात. मॅग्मा वर चढतो, दाब उतरतो, बुडबुडे सुटतात. पातळ मॅग्मातून ते निसटतात. घट्ट मॅग्मात ते वाढत जातात, आणि एकूण आकारमानाच्या सुमारे तीन चतुर्थांश जागा बुडबुड्यांनी व्यापली की मॅग्मा द्रव राहतच नाही, त्याचे तुकडे उडतात. तीच राख. म्हणजे राख ही जळून उरलेली वस्तू नव्हे. ती २ मिलिमीटरहून बारीक काच आणि खडकाचा चुरा आहे. हे न कळल्यामुळे पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे घाई करू नकोस.

घट्टपणा स्वतः मोजून बघ. स्टीलचं ताट एका बाजूने पुस्तकावर टेकव, वरच्या कडेला एक चमचा मध सोड आणि २० सेंटीमीटर उतरायला किती सेकंद लागतात ते लिही. मग तोच मध फ्रीजमध्ये दोन तास ठेवून पुन्हा कर. या वेळी ताटही फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर आपल्या मे महिन्यात तापलेलं ताटच मध पातळ करून टाकतं आणि फरक दिसत नाही. तिसऱ्या खेपेला मधात बारीक रवा मिसळ, आधी थोडा, मग वाढवत जा. एका टप्प्यानंतर मध वाहणं सोडून लगदा होतो. मॅग्मात स्फटिक वाढत जाऊन साधारण निम्मे झाले की हेच होतं. घुमटासारखा फुगलेला, जागच्या जागी अडलेला लाव्हा दिसला की तो रवा आठव.

आता व्हिडिओ. ते बंद करू नकोस, फक्त बघण्याची रीत बदल. पहिल्यांदा लाव्हाच्या कारंज्याचा आकार काढ. उडालेला दगड सर्वांत वरच्या बिंदूपासून जमिनीपर्यंत यायला किती सेकंद घेतो ते मोज. सेकंदांचा वर्ग करून पाचने गुणलं की मीटरमध्ये उंची मिळते. ६ सेकंद लागले तर १८० मीटर. कारंजं संथ वाटतं ते मोठं असतं म्हणून. हे गणित हवेचा अडथळा धरत नाही, त्यामुळे हलक्या, फुग्यासारख्या ढेपांना लावलंस तर उंची जास्त येईल. जड दगडच निवड. मग रंग पाहा. पिवळसर म्हणजे ११०० अंशांच्या घरात, नारिंगी त्याखाली, मंद लाल म्हणजे ६०० ते ७००. पण दिवसाच्या चित्रणात कॅमेरा रंग खोटे दाखवतो, म्हणून संध्याकाळचं चित्रण घे. शेवटी धुराकडे पाहा. पांढरा लोट बहुतेक वाफेचा, करडा म्हणजे राख, आणि उताराला लागून पसरलेली निळसर धूसर झाक म्हणजे गंधकाचे वायू.

करड्या लोटाचा एखादा भाग वर जायचं सोडून खाली कोसळून उताराला लागला, तर समज की तू या विषयातली सर्वांत भयंकर गोष्ट पाहते आहेस. वायू, राख आणि दगड यांचा तो लोंढा काही शे अंश तापलेला असतो आणि ताशी १०० किलोमीटरहून वेगाने धावतो. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या पेले पर्वतावरून असा लोंढा सेंट पिएर शहरावर आला आणि काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसं गेली. १९९१ मध्ये जपानच्या उन्झेनवर मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे जोडपं अशाच लोंढ्यात गेलं. आयुष्यभर ज्वालामुखींचं चित्रण केलेली ती माणसं होती. अनुभवाने हा धोका कमी होत नाही, तो फक्त अंतराने कमी होतो.

राखेचं वजनही मोजून ठेव. ओल्या राखेचा १० सेंटीमीटर थर चौरस मीटरला १०० ते २०० किलो भरतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर म्हणजे एक ते दोन टन. आपल्याकडची टिनाची छपरं डोळ्यांपुढे आण. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा मोठा उद्रेक १५ जून १९९१ ला झाला, नेमकं त्याच दिवशी वादळही येऊन धडकलं, राख पावसाने भिजली आणि जे मेले त्यांतले बहुतेक छपरांखाली मेले.

तरी पिनाटुबो हे या शास्त्राचं मोठं यश आहे, आणि ते कसं मिळालं हे बारकाईने वाच. १३ मे रोजी तिथून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मे रोजी ५,००० टनांच्या वर. नंतर तो एकदम घटला. नवख्याला वाटेल, शांत होतोय. मोजणाऱ्यांनी उलट ओळखलं: भूकंप चालू असताना वायू घटतो, म्हणजे वाट बुजली आहे आणि दाब आत साठतो आहे. हजारो लोक वेळेवर हलवले गेले. आकडा वाढला की कमी झाला एवढंच पाहायचं नसतं, त्याच वेळी बाकीचे आकडे काय म्हणतात तेही पाहायचं.

उलट कोलंबियातला नेवादो देल रुइझ. उद्रेक मध्यम, पण शिखरावर बर्फ. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री ते वितळलं, नदीपात्रांतून चिखल उतरला आणि सत्तरएक किलोमीटर लांब असलेलं आर्मेरो गाडलं गेलं. एकूण सुमारे २३,००० माणसं गेली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता, त्यात आर्मेरोही होतं. चिखल पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. तेवढ्या वेळात गाव टेकडीवर चढलं असतं. मला या विषयात सर्वांत जास्त छळणारी घटना हीच. इथे विज्ञान कमी पडलं नाही, निरोप पोहोचला नाही. म्हणून लिहायला आणि बोलायला शीक, साध्या मराठीत.

पातळ लाव्हा निरुपद्रवी, असाही समज करून घेऊ नकोस. आइसलँडमध्ये १७८३ मध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती. लाव्हाने फार माणसं मारली नाहीत. पण वायूतलं फ्लोरिन गवतावर बसलं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि बेटावरची पाचांतली एक व्यक्ती गेली. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींमुळे फ्लोरोसिस (जादा फ्लोराइडने दात-हाडं बिघडणं) हा शब्द विदर्भाला नवा नाही. तिथे फ्लोराइड खडकातून झिरपतं, लाकीत ते आभाळातून पडलं. आणि आपला दख्खन लाकीच्याच जातीचा, भेगांतून वाहिलेला, पण लाकी त्याच्यापुढे ओहोळ ठरावी इतका मोठा. आज शिल्लक आहे तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर.

म्हणूनच इथे शंकूच्या आकाराचा डोंगर शोधत फिरू नकोस. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हे ज्वालामुखी नव्हेत. थरावर थर साचून नंतर झिजत उरलेले तुकडे आहेत. लोणारही नव्हे. ते १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलं, आणि तिथे सापडणारी मास्केलिनाइट ही आघाताच्या दाबानेच तयार होणारी काच त्याची साक्ष आहे. धुमसतं तोंड बघायचंच असेल तर आपल्या देशात ते अंदमानात, श्री विजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे १३५ किलोमीटरवर बॅरन बेटावर आहे.

खडक वाचायला दिवाळीनंतर बाहेर पड. पावसाळ्यात खदानी पाण्याने भरतात आणि उन्हाळ्यात तर दगडाला हात लावता येत नाही. चालू खदानीत पाऊल टाकू नकोस, तिथे सुरुंग लावतात. काटोल रोड, अमरावती रोडकडचे कापलेले उतार पुरेसे आहेत. सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, पाण्याची बाटली आणि वही घे. हातोडी असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच. बेसाल्टची कपची काचेसारखी उडते.

दगडाची बाहेरची साल बघून निर्णय करू नकोस. ती तपकिरी, कुजलेली असते. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्याचाच पुढे मुरूम होतो आणि त्याहून पुढे काटोल-कळमेश्वरच्या संत्र्यांची काळी माती. ताजा तुटलेला पृष्ठभाग बघ. लाव्हाच्या एका थराचा माथा सच्छिद्र असतो, कारण वायू वर चढून तिथे अडकला. मधला भाग भरीव आणि उभ्या भेगांचा. तळाशी कधी नळीसारखी छिद्रं दिसतात. सच्छिद्र माथा, त्यावर लालसर भाजलेल्या मातीची रेघ आणि पुन्हा भरीव खडक असं दिसलं, तर तिथे एक उद्रेक संपून काही काळाने दुसरा आला. छिद्रांत पांढरं भरलेलं असतं. त्यावर चाकू चालव. ओरखडा उठलाच नाही तर गारगोटीच्या जातीचं. उठला तर कॅल्साइट किंवा झिओलाइट, ही दोन्ही त्याहून मऊ खनिजं. थोडी पूड करून लिंबाचा रस टाक, फसफसलं तर कॅल्साइट. पूड न करता टाकलंस तर लिंबासारखं सौम्य आम्ल जवळजवळ काहीच करत नाही आणि उत्तर चुकतं.

दोन थरांच्या मध्ये कधी गाळाचा पट्टाही सापडतो. नागपुरातल्या टाकळीचा पट्टा यासाठी जगभर माहीत आहे: गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, वनस्पतींचे अवशेष. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळी होती, झाडं होती. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी हे अवशेष गोळा केले. ते पेशाने मिशनरी, पण हातात वही आणि पायांत चिकाटी. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

पुढच्या पत्रात मला एका दगडाची घनता पाठव. सामान तोलायचा लहान काटा घे, दगड दोऱ्याने लटकवून वजन कर, मग तसाच बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून कर. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भाग. ८७० ग्रॅम आणि ५७० ग्रॅम आले तर फरक ३०० आणि घनता २.९, भरीव बेसाल्ट २.८ ते ३.० मध्ये बसतो. दगड बादलीला टेकता कामा नये, आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाक. एक दगड थराच्या मधला घे, एक माथ्याचा. माथ्याच्या दगडाचा आकडा कमी येईल; किती कमी आला ते लिही, आणि त्यावरून त्या लाव्हात वायूने किती जागा अडवली होती ते काढून बघ. चुकलं तरी खोडू नकोस, गणित जसं केलंस तसंच पाठव.

घरी सगळ्यांना नमस्कार. उन्हात डोक्याला दुपट्टा बांधूनच निघत जा.