'सौम्य' म्हणजे पातळ नव्हे

नाशिक रोडच्या एका वाचकाने विचारलंय: "चर्चमधल्या मौन प्रार्थनेच्या शिबिराचं पत्रक लिहितोय. 'चिंतनात्मक प्रार्थनेतून सौम्यता विकसित करणे' असा मथळा केलाय. मित्र म्हणतो, सौम्यता मिळमिळीत वाटते, नम्रता लिही. काय लिहू?"

मित्राला बोल लावत नाही. बोल लावायचा तो 'सौम्य लाठीमार' छापणाऱ्यांना. कांद्याच्या आंदोलनात ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला विचारा, काठी किती सौम्य होती ते! मग करोनात 'सौम्य लक्षणे' आली आणि शब्दाचं पार पाणी झालं. सौम्य म्हणजे थोडंसं, बेताचं, पातळ केलेलं. असे कान तयार झाल्यावर 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील' (मत्तय ५:५) हे बायबलातलं वाक्यही मिळमिळीतच ऐकू येणार.

नम्र म्हणजे वाकलेला, धातू नम्. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सौम्य आला सोमावरून. इथे बहुतेक जण आभाळातल्या चंद्राकडे बोट दाखवतात, 'शीतल' म्हणतात आणि थांबतात. पंचांगात बुधवारला सौम्यवासर म्हणतात ते बुध चंद्राचा मुलगा म्हणून, हे खरं. पण चंद्र हा सोमाचा मागाहून चिकटलेला अर्थ. आधीचा सोम म्हणजे वनस्पती आणि तिचा रस. धातू सु, पिळणे. ऋग्वेदाचं नववं मंडल या रसालाच वाहिलेलं आहे. दगडांनी ठेचायचा, मेंढीच्या लोकरीतून गाळायचा, मग दूध घालायचं. आणि त्या गाळणीला शब्द काय? पवित्र!

म्हणजे सौम्य कोण? जो ठेचून, पिळून, गाळून निघालाय तो. द्राक्षाच्या गावात हे पटवत बसायची वेळ येऊ नये. पण एका निवृत्त संस्कृत प्राध्यापकांनी मला 'ओढूनताणून' असा शेरा मारला. म्हणे पाणिनीचं सूत्र आहे, 'सोमाट् ट्यण्', सोम ज्याची देवता ते सौम्य. स्वभावाचा अर्थ चंद्रामुळेच. पाणिनी मान्य. पण मग छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय उघडा. श्वेतकेतू बारा वर्षं वेद शिकून फुगून घरी येतो. बाप, उद्दालक आरुणी, एकाच वाक्यात त्याला 'सोम्य' (सौम्यचंच रूप) अशी हाक मारतो आणि 'स्तब्ध', म्हणजे ताठ, असंही म्हणतो. या ताठ पोरात चंद्राची शीतलता कुठे दिसली? मला त्यात एवढंच ऐकू येतं: बाळा, रस आहे तुझ्यात, पिळायचा राहिलाय. प्राध्यापकांकडून यावर अजून उत्तर नाही.

मत्तयाचा मूळ ग्रीक शब्द 'प्राउस'. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफोनने अश्वविद्येवर लिहिताना तोच माणसाळलेल्या शिंगरासाठी वापरलाय. अंगात जोर सगळा शाबूत, फक्त वळण लागलेलं. आपल्याकडे बैल घेताना दावणीपाशी विचारतात ना, "मारका आहे का गरीब?" तो हा गरीब. (शब्द अरबी, मूळ अर्थ परका. त्यावर पुन्हा कधी.) गरीब बैल दुबळा असता तर कुणी नांगराला जुंपला नसता.

हां, तुमचं पत्रक. मौन प्रार्थनेची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट (मौन पाळणाऱ्या कॅथलिक पंथाच्या) मठातल्या साधूंनी सेंटरिंग प्रेअर म्हणून शिकवली तीच धरा: एक छोटा शब्द घ्यायचा, मन भरकटलं की त्याच्याशी झटापट न करता हळूच त्या शब्दावर परतायचं. वीस मिनिटांत पन्नास वेळा भरकटलं तर पन्नास वेळा परतायचं, स्वतःवर न चिडता. पिळणं ते हेच. त्यामुळे सौम्यच ठेवा, जोडीला लीन घ्या. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो. लीनचा धातू ली, टेकणे, चिकटून बसणे, आलय त्याच्यातलाच. पाखरू फांदीवर टेकतं तसं.

'विकसित करणे' मात्र आधी खोडा. विकसित प्लॉट करतात, गंगापूर रोडला. सौम्यता अंगी बाणते. 'मौनात लीन, मनाने सौम्य' असा मथळा चालेल. आणि मित्राला सांगा, नम्रता पत्रकाखालच्या 'नम्र विनंती'त वापरू.